शेजघराचे नाटक आणि भाडेकरूचे घर

मंत्र्याचा पाय घसरावा आणि प्रेक्षकांनी टाळ्या पिटाव्यात, हा लोकशाहीतला ठरीव खेळ होऊन बसला आहे. मोठा माणूस नको त्या ठिकाणी सापडतो, वृत्तपत्रांची महिनाभराची बेगमी होते, मंत्री राजीनामा देतो, आणि काही वर्षे उलटली की त्याच प्रकरणावरचा चित्रपट, नाटक किंवा दूरचित्रवाणी मालिका आपल्यापुढे येते. अशा कलाकृतींना ‘राजकीय नाट्य’ म्हणण्याची रीत आहे. आमचा आक्षेप या नावालाच आहे. त्यांत राजकारणी पुष्कळ असतात; राजकारण मात्र नसते. किंबहुना राजकारण नजरेआड करण्याचे कामच ही नाट्ये इमानेइतबारे बजावतात. सत्ताधाऱ्याने शेजघरात काय केले हे इतक्या बारकाव्याने दाखवले जाते की, त्याच सत्ताधाऱ्याच्या सरकारने लाखो लोकांच्या घरांचे काय केले, हे विचारण्याची शुद्धच प्रेक्षकाला राहत नाही.

हे विधान कोणाला अतिशयोक्त वाटेल. म्हणून ते एकाच, पण या प्रकारातल्या सर्वांत गाजलेल्या उदाहरणावर घासून पाहू. ब्रिटनमधील १९६३ सालच्या प्रोफ्युमो प्रकरणावर आजवर जितके लिहिले आणि रंगवले गेले, तितके क्वचितच दुसऱ्या एखाद्या राजकीय भानगडीवर झाले असेल. १९८९ साली मायकेल केटन-जोन्स यांचा ‘स्कँडल’ हा चित्रपट आला. २०१३ साली अँड्र्यू लॉइड वेबर यांचे ‘स्टीफन वॉर्ड’ हे संगीत नाटक लंडनच्या रंगभूमीवर आले. २०१९ च्या अखेरीस बी.बी.सी.ने ‘द ट्रायल ऑफ क्रिस्टीन कीलर’ ही सहा भागांची मालिका दाखवायला सुरुवात केली. तीस वर्षांत तीन वेळा तीच कथा! तेव्हा या कथेत काय सांगितले जाते आणि काय गाळले जाते, हे तपासणे आवश्यक आहे.

जे दाखवले जाते

कथा थोडक्यात अशी. जुलै १९६१ मध्ये लॉर्ड ॲस्टर यांच्या क्लिव्हडन येथील प्रासादात, पोहण्याच्या तलावाकाठी, हुजूर पक्षाचे युद्धमंत्री जॉन प्रोफ्युमो यांची १९ वर्षांच्या क्रिस्टीन कीलर हिच्याशी गाठ पडली. तिला तेथे घेऊन जाणारा स्टीफन वॉर्ड हा बड्या लोकांच्या हाडा-सांध्यांवर उपचार करणारा आणि त्यांची चित्रे काढणारा गृहस्थ. त्याच्या ओळखीचा, सोव्हिएत वकिलातीतला इव्हानोव्ह नावाचा नौदल अधिकारीही त्या सुट्टीत तेथेच होता. मंत्रिमहाशय आणि कीलर यांचे संबंध थोडेच दिवस टिकले. पण डिसेंबर १९६२ मध्ये कीलरच्या एका माजी प्रियकराने वॉर्डच्या घरावर गोळ्या झाडल्या आणि कुजबुजीला तोंड फुटले. २१ मार्च १९६३ च्या रात्री मजूर पक्षाच्या जॉर्ज विग, रिचर्ड क्रॉसमन आणि बार्बरा कॅसल या सभासदांनी विषय कॉमन्स सभागृहात काढला. दुसऱ्याच दिवशी प्रोफ्युमो यांनी सभागृहात उभे राहून अनुचित असे काहीही घडले नसल्याचे सांगितले. ते खोटे होते. ५ जूनला त्यांना जावे लागले, आणि ऑक्टोबरात प्रकृतीच्या कारणास्तव पंतप्रधान मॅकमिलनही गेले.

या कथेत तलाव आहे, प्रासाद आहे, हेर आहे, पिस्तूल आहे. नाटककाराला आणखी काय हवे? आणि हेही मान्य केले पाहिजे की या तिन्ही कलाकृती केवळ चवीने चघळलेल्या नाहीत. ‘स्कँडल’ने वॉर्डकडे सहानुभूतीने पाहिले, लॉइड वेबर यांनी त्याला सरळ सरळ बळी ठरवले, आणि अमांडा को यांनी लिहिलेल्या मालिकेने, साऱ्या देशाने जिला नावे ठेवली त्या मुलीला प्रथमच आपल्या बाजूने बोलू दिले. तिचे हे ऋण नाकारण्याचे कारण नाही. परंतु सहानुभूतीचे पात्र बदलले म्हणजे नाटकाची जागा बदलते असे नाही. तिन्ही वेळा पडदा उघडतो तो त्याच शेजघरावर, आणि प्रश्न पुन्हा तेच राहतात: कोण कोणाबरोबर होते आणि कोण खोटे बोलले?

जे गाळले जाते

या प्रकरणात आणखी एक इसम आहे. त्याचे नाव पीटर रॅकमन. नाझींच्या आणि सोव्हिएत छावण्यांच्या तावडीतून वाचून ब्रिटनला पोचलेला हा पोलिश ज्यू निर्वासित १९५० नंतरच्या दशकात पश्चिम लंडनच्या नॉटिंग हिल आणि पॅडिंग्टन भागातल्या जुनाट इमारतींचा मालक झाला. कीलर आणि तिची मैत्रीण मँडी राइस-डेव्हिस या दोघीही काही काळ त्याने ठेवलेल्या होत्या. नाट्यांत रॅकमन दिसतो, नाही असे नाही. पण येतो तो भडक कपड्यांतला आणखी एक यार म्हणून. त्याचे भाडेकरू येतात कोठे? वास्तविक या प्रकरणातली सर्वांत मोठी माणुसकीची शोकांतिका त्या भाडेकरूंची होती, आणि तिचे मूळ कोणाच्या वासनेत नव्हते. ते पार्लमेंटने संमत केलेल्या एका कायद्यात होते.

१९५७ साली हुजूर पक्षाच्या सरकारने भाडेकायदा केला. त्याची मेख समजून घेण्यासारखी आहे. अधिक मूल्याची घरे त्याने भाडेनियंत्रणातून एकदम मोकळी केली. उरलेल्या घरांत जुना भाडेकरू राहत असेल तोवर नियंत्रण कायम. तो गेला की मालकाला हवे ते भाडे घ्यायला मोकळीक. म्हणजे जो भाडेकरू कालपर्यंत मालकाचे उत्पन्न होता, तो एका रात्रीत मालकाची अडचण झाला. भरलेल्या घरापेक्षा रिकामे घर अनेक पटींनी मोलाचे ठरले. भाडेकरूला हुसकावणे हाच सर्वांत किफायतशीर उद्योग होऊन बसेल, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञाची गरज नव्हती. रॅकमनचा धंदा या कायद्याआधीच सुरू झालेला होता. कायद्याने त्याच्या जातीच्या मालकांना बरकत आणली. दमदाटी, तोडफोड, रात्रभर चालणारा गोंगाट, दारात उभे राहणारे गुंड, अशा उपायांनी म्हातारीकोतारी माणसे नियंत्रित भाड्याच्या खोल्यांतून बाहेर पडत. त्या रिकाम्या खोल्या मग कॅरिबियन बेटांतून आलेल्या काळ्या कामगारांना अवाच्या सवा भाड्याने दिल्या जात. गोऱ्या मालकांनी दारे बंद केल्यामुळे ते बिचारे जाणार कोठे? एका गरिबाला घालवण्यासाठी दुसऱ्या गरिबाचा उपयोग करायचा आणि दोघांनाही एकमेकांचे वैरी करायचे, ही मालकशाहीची जुनीच हातोटी. याच वस्तीत १९५८ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात वर्णद्वेषाच्या दंगली पेटल्या.

ज्या दोन पुरुषांच्या भांडणातून हे प्रकरण बाहेर आले ते जॉनी एजकोम आणि लकी गॉर्डन अनुक्रमे अँटिग्वा आणि जमैका येथून आलेले होते. नाट्यांत ते मुख्यतः मत्सराने पेटलेले प्रियकर म्हणून वावरतात. खुद्द कीलर वाढली ती रेझबरी येथे, रेल्वेचे जुने डबे जोडून केलेल्या घरात. म्हणजे बेघर देशांतरित, डब्यात वाढलेली मुलगी, घरांचा दलाल आणि प्रासादाचा धनी असा या कथेचा खरा नकाशा आहे. तो घरांचा नकाशा आहे. आपल्या नाटककारांनी त्यातून पलंग तेवढा उचलला!

आता सर्वांत बोलकी गोष्ट. १९५७ चा भाडेकायदा गृहनिर्माणमंत्री म्हणून पार पाडून घेणारे हेन्री ब्रुक हेच १९६३ साली गृहमंत्री होते. २७ मार्च १९६३ रोजी त्यांनी गुप्तचर खात्याचे प्रमुख आणि लंडनचे पोलीस आयुक्त यांना बोलावून वॉर्डसंबंधी विचारणा केली, आणि त्यानंतर पोलीस कामाला लागले. एरवी गुन्हा घडतो आणि पोलीस माणूस शोधतात. येथे माणूस आधी ठरला आणि गुन्हा नंतर शोधण्यात आला. प्रोफ्युमो हेही १९५७ च्या त्या सरकारात कनिष्ठ मंत्री होते. एका तरुणीशी ठेवलेल्या अल्पकालीन संबंधाचा आणि त्याविषयी बोललेल्या खोट्याचा जाब त्यांना द्यावा लागला, तो योग्यच. पण हजारो भाडेकरूंना मालकांच्या तोंडी देणाऱ्या कायद्याचा जाब त्या सरकारातल्या कोणत्याही मंत्र्याला कोणत्याही नाटकात द्यावा लागलेला नाही.

शिक्षा कोणाला?

ज्याला शेजघराचेच नाटक हवे असेल त्याने निदान त्याचा शेवटचा अंक तरी नीट पाहावा. वॉर्डवर स्त्रियांच्या अनीतीच्या कमाईवर जगल्याचा आरोप ठेवण्यात आला. बडे मित्र एकेक करून पांगले. ३१ जुलैला ओल्ड बेली न्यायालयात तो दोषी ठरला तेव्हा झोपेच्या गोळ्या घेऊन बेशुद्ध पडलेला होता. ३ ऑगस्टला तो मरण पावला. कीलरला दुसऱ्या एका खटल्यातील खोट्या साक्षीबद्दल डिसेंबरात ९ महिन्यांची कैद झाली. आणि पार्लमेंटशी खोटे बोललेले मंत्रिमहाशय? ते ईस्ट एंडमधील टॉइन्बी हॉल या सेवासंस्थेत गेले. तेथे त्यांनी वर्षानुवर्षे निष्ठेने काम केले, याबद्दल वाद नाही. पण विनावेतन प्रायश्चित्त घ्यायलाही वडिलार्जित संपत्ती लागते! १९७५ साली त्यांना राजसत्तेकडून सन्मानाचा किताब मिळाला. कीलरला तुरुंगातून सुटल्यावर असा कोणता दरवाजा उघडा होता? २०१७ साली ती वारली तोवर त्या काही आठवड्यांच्या संबंधाने तिची पाठ सोडली नाही.

मराठी वाचकाला हा अंक अनोळखी वाटू नये. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ साली रंगभूमीवर आले. त्यात नाना फडणवीसांची लंपटता आहे; पण ती ‘लफडे’ म्हणून येत नाही. घाशीराम पोटची मुलगी देतो आणि कोतवाली घेतो. स्त्रीदेह तेथे सत्तेच्या बाजारातले चलन आहे, आणि त्या चलनावर शहरातला जुलूम चालतो. शेवटी जमाव खवळला की नाना घाशीरामाला जमावाच्या हवाली करतो. स्वतः मात्र सहीसलामत राहतो. वॉर्ड हा काही घाशीराम नव्हे. त्याने कोणावर कोतवाली गाजवली नाही. पण क्षोभ शमवण्यासाठी व्यवस्था आपल्याच अंगणातला एक माणूस पुढे ढकलते आणि दार लावून घेते, हे तंत्र पुण्यात आणि लंडनमध्ये सारखेच आहे. तेंडुलकरांनी ते ओळखले म्हणून त्यांचे नाटक राजकीय ठरते. नाटकात मंत्री आहे एवढ्यावरून ते राजकीय ठरत नाही.

दोन आक्षेप

कोणी विचारील, मग सत्ताधाऱ्यांच्या वर्तनावर समाजवाद्यांनी पांघरूण घालावे की काय? मुळीच नाही. सभागृहाशी खोटे बोलणे हा सार्वजनिक गुन्हा आहे. अधिकाराचा दबाव आणून, नोकरीचे वा उमेदवारीचे आमिष दाखवून, भीती घालून स्त्रीला वश करणे हा तर जुलूमच आहे. त्याला ‘लैंगिक भानगड’ म्हणणे हीच मुळी जुलमाला दिलेली सवलत होय. जेथे स्त्रीवर अत्याचार झाला तेथे तिच्या बाजूने उभे राहिले पाहिजे, आरोपी आपल्या पक्षाचा असला तर अधिक ठामपणे. परंतु दोन सज्ञान माणसांच्या खाजगी संबंधांवर सोवळेपणाचा आव आणून राजकारण करणे निराळे. त्यात बदनामी नेहमी स्त्रीची होते आणि फायदा दुसऱ्या कोणा पुरुषाचा होतो. मजूर पक्षाने राष्ट्रीय सुरक्षेचा मुद्दा पुढे करून नीतीच्या प्रश्नापासून दूर असल्याचे दाखवले खरे. पण चौकशीअंती सुरक्षेला धोका पोचला नव्हता असा निष्कर्ष लॉर्ड डेनिंग यांनी काढला. त्यांच्या अहवालाच्या लाखाहून अधिक प्रती खपल्या, त्या काय सुरक्षेच्या काळजीने?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ही भानगड झाली म्हणूनच रॅकमन उजेडात आला, असे म्हणता येईल. पॅडिंग्टनचे मजूर पक्षीय प्रतिनिधी बेन पार्किन भाडेकरूंच्या छळाविषयी कितीतरी आधीपासून बोलत होते. तेव्हा त्यांच्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. प्रोफ्युमो प्रकरणातल्या मुली या घरमालकाने ठेवल्या होत्या हे कळताच मात्र वृत्तपत्रांना भाडेकरूंचा कळवळा आला. हे खरे आहे. पण उजेडात काय आले? एक नाव आले. नोव्हेंबर १९६२ मध्येच मेलेला, परदेशी, ज्यू, विलासी असा एक खलनायक सापडला. छळाच्या पद्धतीला त्याचे नाव देऊन इंग्रजी भाषेने तो शब्दकोशात नेऊन ठेवला. ज्या कायद्याने त्याच्यासारखे शेकडो मालक पोसले, त्याच्या कर्त्यांचे नाव कोणत्याही दुर्गुणाला मिळाले नाही. भानगडीचा उजेड हा असाच असतो. तो माणसावर पडतो आणि व्यवस्था आणखी अंधारात जाते.

त्या व्यवस्थेला हात लागला तो दुसऱ्याच मार्गाने. भाडेकरूंना न्यायाधिकरणासमोर उभे करणारे कार्यकर्ते, पार्किन यांच्यासारखे चिकाटीचे प्रतिनिधी, लंडनच्या घरांची पाहणी करणारी मिल्नर हॉलंड समिती, यांच्या कामावर पुढचा कायदा उभा राहिला. १९६४ साली मजूर पक्ष अवघ्या चारच्या बहुमताने सत्तेवर आला, आणि १९६५ च्या भाडेकायद्याने भाडेकरूला घराची शाश्वती आणि न्याय्य भाडे ठरवून घेण्याचा हक्क दिला. तो आणणारे गृहनिर्माणमंत्री होते रिचर्ड क्रॉसमन. मार्चच्या त्या रात्री प्रोफ्युमोचा विषय काढणाऱ्या तिघांपैकी एक! त्यांच्या एका रात्रीच्या भाषणातून निघालेल्या प्रकरणावर चित्रपट झाला, संगीत नाटक झाले, मालिका झाली. लाखो घरांना कुलूप लागण्यापासून वाचवणाऱ्या त्यांच्या कायद्यावर कोणी नाटक लिहिले?

आणि या विस्मृतीची किंमत मोजावी लागली. थॅचर सरकारच्या १९८८ च्या गृहनिर्माण कायद्याने नव्या भाडेकरारांपुरते न्याय्य भाड्याचे संरक्षण काढून घेतले, आणि मुदतीच्या करारावरील भाडेकरूला काहीही कारण न देता घराबाहेर काढण्याची मुभा मालकांना दिली. हा कायदा अमलात आला जानेवारी १९८९ मध्ये. ‘स्कँडल’ प्रदर्शित झाला तो त्याच वर्षी. हुजूर पक्षाच्या २६ वर्षांपूर्वीच्या पापावर ब्रिटिश प्रेक्षक मिटक्या मारीत असताना त्याच पक्षाचे ताजे पाप त्यांच्या दारात येऊन उभे होते. विनाकारण बेदखल करण्याची ती मुभा इंग्लंडमध्ये रद्द करणारा कायदा संमत व्हायला २०२५ साल उजाडावे लागले.

दुसरे नाटक

घरभाडे, खोली, बेघरपण यांवर नाटक होत नाही, लोक पाहत नाहीत, असे म्हणणाऱ्यांना एकच उत्तर द्यायचे. नोव्हेंबर १९६६ मध्ये बी.बी.सी.ने जेरेमी सँडफोर्ड यांनी लिहिलेले आणि केन लोच यांनी दिग्दर्शित केलेले ‘कॅथी कम होम’ हे नाट्य दाखवले. त्यात मंत्री नाही, हेर नाही, तलाव नाही. एक तरुण जोडपे आहे. नवऱ्याला अपघात होतो, घर सुटते, मग नातलगांकडे, मग गाडीवरच्या खोपटात, मग बेघरांच्या आश्रयगृहात अशी त्यांची उतरंड होत जाते. अखेर रेल्वे स्थानकावर अधिकारी कॅथीची मुले तिच्यापासून ओढून नेतात. ते सुमारे १ कोटी २० लाख लोकांनी पाहिले. नॉटिंग हिलमध्ये १९६३ पासून घरांसाठी झटणाऱ्या ब्रूस केनरिक या धर्मोपदेशकाच्या पुढाकाराने स्वतंत्रपणे उभी राहत असलेली ‘शेल्टर’ ही बेघरांसाठीची संघटना त्यानंतर थोड्याच दिवसांत सुरू झाली. या नाटकाने हललेल्या लोकमताचे बळ तिला मिळाले. रॅकमनच्याच वस्तीतून निघालेले हे काम! खरे राजकीय नाट्य ते हे. त्यात एकही राजकारणी नाही, आणि प्रत्येक दृश्यात राजकारण आहे.

हा धडा परदेशाचा म्हणून सोडून देता येणार नाही. १९७८ साली, जनता राजवटीत, मनेका गांधी संपादक असलेल्या ‘सूर्या’ने संरक्षणमंत्री जगजीवनराम यांच्या पुत्राची एका तरुणीबरोबरची छायाचित्रे छापली. दिल्लीत दुसरा विषय उरला नाही. दलित समाजातला ज्येष्ठ नेता पंतप्रधानपदाच्या स्पर्धेत असताना त्याला मुलाच्या शेजघरावरून जोखण्यात आले. त्या तरुणीच्या अब्रूचा विचार तर कोणाच्या गावीही नव्हता. आणि त्याच १९७८ साली, विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याच्या ठरावावरून, मराठवाड्यात दलितांची घरे जळत होती. एका बाजूला छायाचित्रे, दुसऱ्या बाजूला जळणारी घरे. देशाच्या राजधानीत त्या वर्षी अधिक चवीने काय पाहिले गेले, हे आपण जाणतो.

म्हणून कार्यकर्त्यांना एवढेच सांगायचे आहे. अशी प्रकरणे पुन्हा होतील आणि त्यांवर नवी नाट्येही येतील. ती पाहू नयेत असे कोणी म्हणणार नाही. पण पाहून उठताना या माणसाने किंवा त्याच्या सरकारने त्याच काळात कोणता कायदा केला, तो कोणाच्या मुळावर आला, आणि शिक्षा झाली ती कोणाला, हे विचारल्याशिवाय राहू नये. विरोधी पक्षाच्या मंत्र्याचे असे प्रकरण हाती आले तर ते फलकावर रंगवण्याचा मोह होईल, तो टाळावा. त्या रंगाने एक मंत्री जाईल आणि त्याच खुर्चीवर त्याच धोरणाचा दुसरा येऊन बसेल. १९६३ च्या ऑक्टोबरात मॅकमिलन गेले आणि हुजूर पक्षाचेच सर अलेक डग्लस-होम आले. भाडेकायदा मात्र आणखी दोन वर्षे जागच्या जागी होता. तो हलवला भाडेकरूंच्या बाजूने खोल्या-खोल्यांतून हिंडणाऱ्या माणसांनी. आपले काम त्यांच्या रांगेतले आहे.